अंबू अत्तेनं निवडलेली गिटार

कुंभकोणमजवळच्या मेलकावेरीतल्या आमच्या घरात शांतता फक्त जेवणाच्या वेळी असायची, आणि तेव्हाही अप्पा रसम भुरकत. बाकी दिवसभर आवाजच आवाज. पुढच्या खोलीत अप्पांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. तिथं बारा मशिनं आणि बारा पोरी. बाराही जणी एकदम ओळ संपवून मशीनचा दांडा सरकवत तेव्हा घर दोन बोटं पूर्वेकडे सरके, असं मी शाळेत सांगत असे आणि पोरं विश्वास ठेवत. मधल्या खोलीत अप्पांची थोरली बहीण, आमची अंबू अत्ते, मुलींना वीणा शिकवी. स्वयंपाकघरात अम्मा, म्हणजे माझी आई, वांग्याची रसवांगी करता करता पितळेच्या भांड्यांशी भांडत असे. आणि मागच्या पडवीत मी, गिटार घेऊन. घरात आम्ही बोलायचो ती मराठी आमच्या पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी डब्यात घालून तंजावरकडे आणलेली, आणि तो डबा पुढे कोणी उघडून वारा दिलेला नाही. मी लग्न करून पुण्यात आलो तेव्हा सासऱ्यांनी माझी पहिली दोन वाक्यं ऐकून हात जोडले. त्यांना वाटलं, कीर्तन सुरू झालं. म्हणून इथली बोलणी मी जरा धुऊन, इस्त्री करून देतो आहे.

मी तेव्हा कॉलेजात दोनदा नापास झालो होतो. टायपिंगचा वेग मिनिटाला अकरा शब्द, तोही अप्पांनी घड्याळाकडे दुर्लक्ष केलं तर. घरच्या इन्स्टिट्यूटमध्ये घरचाच पोरगा सगळ्यांत मागे, हे अप्पा कोणाला सांगत नसत आणि गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला एकच गोष्ट येत होती. सेल्वम मास्टर नावाच्या गृहस्थांचा एक ऑर्केस्ट्रा होता, लग्नाच्या रिसेप्शनात सिनेमाची गाणी वाजवणारा. त्यात मी मास्टरांच्याच मालकीची चार तारांची बेस गिटार वाजवायचो. बेस म्हणजे ती खालची, जाड आवाजाची. ती असली की कोणाला कळत नाही, पण बंद पडली की नवऱ्या मुलाचा मामासुद्धा वळून बघतो. आठवड्यातून दोनदा एक खटारा व्हॅन आमच्या कोपऱ्यावर येऊन हॉर्न वाजवी, आणि तो हॉर्न माझ्यासाठी असे. त्या वयात माझ्यासाठी दुसरं काहीच कुठे थांबत नव्हतं.

आणि मग आला प्रभू. त्याच्या मामानं सिंगापूरहून एक कीबोर्ड आणला होता. त्यात पाऊस होता, घोडे होते, चर्चच्या घंटा होत्या, आणि डाव्या टोकाला बेस होता. माझ्या सगळ्यांत खालच्या तारेच्याही खाली जाणारा. दोन रिसेप्शनं झाल्यावर मास्टरांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ राव, त्याचा डावा हात त्याच्या उजव्याबरोबर आपोआप येतो. तुझ्यासाठी व्हॅनमध्ये एक जागा लागते. आणि तो तुझ्यापेक्षा खोल जातो." मी म्हटलं, सहा तारांची बेस असते, ती कीबोर्डाइतकी खाली जाते आणि वरही चढते. मास्टर म्हणाले, "मग आण. तै महिन्यात, संक्रांतीनंतर, लग्नं सुरू होतात, तोवर आण. आणि एक ध्यानात ठेव, कीबोर्ड दमत नाही."

हे मी घरी जेवताना सांगितलं. अप्पांचं रसम भुरकणं थांबलं, म्हणजे केवढी गंभीर गोष्ट ते समजा. पुढच्या खोलीत त्यांच्याकडेही त्या वर्षी पोरी बारावरून आठावर आल्या होत्या, कारण बाजारात कोणीतरी कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. ते एवढंच म्हणाले, "दमत नाही म्हणे!" आणि पुन्हा पानाकडे बघू लागले. बोलली ती अंबू अत्ते. "पैसे मी देते." किती, ते तिनं मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, तर मी कोण सांगणार? "पण वाद्य मी निवडणार."

माझ्या अत्तेचं वजन ओल्या लुगड्यासकट पस्तीस किलो असेल. पण ती वीणेसमोर बसली की आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा पाय पोटाशी घेऊन बसायची. चाळीस वर्षं तिनं मुली घडवल्या होत्या. तिच्या मते जगात दोनच प्रकारची वाद्यं होती, माणसाला धरणारी आणि माणसाला चावणारी. गिटार तिनं हातात कधी धरली नव्हती, आणि ही अडचण आहे असं तिला क्षणभरही वाटलं नाही.

पहाटेच्या बसनं आम्ही मद्रासला गेलो. सोबत फिरकीच्या तांब्यात घरचं पाणी, केळीच्या पानात चटणीपूड लावलेल्या इडल्या, आणि अत्तेच्या काखेत गुंडाळलेली चटई. वाद्यांच्या दुकानाचा मालक जाडजूड, कपाळाला आडवं भस्म लावणारा माणूस. नऊवारीतल्या बाईनं दुकानात पाऊल टाकलेलं बघून त्याला वाटलं, वर्गणी मागायला आल्या. मी सहा तारांच्या बेस दाखवा म्हटल्यावर त्यानं दोन काढल्या. एक लाल. नव्या बुलेटसारखी चकाकणारी, सोनेरी खुंट्यांची, लांबलचक शिंगाची. शिंग म्हणजे अंगाचं ते वरचं टोक, ज्याला खांद्याचा पट्टा अडकवतात. तिच्याकडे बघून मला घाम फुटला. दुसरी तपकिरी, आखूड शिंगाची, कोणाच्या तरी कपाटाच्या दारातून कापून काढल्यासारखी. मी तपकिरीकडे बघितलंही नाही.

अत्तेनं दुकानाच्या मधोमध चटई पसरली आणि मांडी घातली.

"मामी," मालक म्हणाला, "खुर्ची आणतो. खरं तर हे उभं राहून वाजवायचं वाद्य आहे."

"सरस्वतीला कोठे उभं राहून वाजवताना बघितलंत का?" अत्ते म्हणाली. "इकडे द्या. आणि तो डबा बंद करा."

डबा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. तिचं म्हणणं, आवाज विजेचा असतो, तो कोणत्याही वाद्यातून सारखाच येणार. दुखणार आहेत ते हात, आणि हातांना वीज लागत नाही. मालक माझ्याकडे बघू लागला, मी छताकडे. उभं राहून वाजवतात हे मला चांगलं माहीत होतं. पण पैशांचा बटवा अत्तेच्या कमरेला होता, आणि मी वाद घातला असता तर तो बटवा पुढच्या बसनं कुंभकोणमला परत गेला असता.

तिनं आधी दोन्ही वाद्यं आडवी मांडीवर घेतली, वीणेसारखी. मानेच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याच्या, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं, तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोचतात का ते पाहायला. तारा मानेपासून किती उंच आहेत ते एक डोळा मिटून, कडेनं बघितलं. लाल गिटारीच्या तारा चांगल्या ऐसपैस अंतरावर होत्या आणि मान म्हणजे मान कसली, पाट होता. तिच्यावर चौघांची पानं वाढता आली असती. मग मला चटईवर बसवलं, लाल गिटार माझ्या मांडीत दिली, आणि स्वतः जपाची माळ काढली. "वाजव. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

पाऊण तासानं मालकाचं जेवण आलं. तासानं त्याचं जेवण झालं. अत्ते माळ ओढते आहे, मी वाजवतो आहे, गिऱ्हाइकं माझ्यावरून पाय टाकून पलीकडे जाताहेत. दुकानातल्या एका बाईनं माझ्यासमोर नाणं टाकलं, हे मी शपथेवर सांगतो. शेवटी अत्ते म्हणाली, "पुरे. बाही वर कर."

उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, गिटारीची धार जिथं टेकते तिथं, लाल वळ उठला होता. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला होता. तिनं त्या वळावरून बोट फिरवलं. मग तपकिरी. पुन्हा माळ, पुन्हा तास. हिच्या तारा जवळजवळ होत्या, मान मागून पातळ होती, अंगाची कड गोल घासलेली होती. लहानपणी विहिरीच्या रहाटात सापडून माझी डावी करंगळी मोडली होती, ती वाकडीच जुळली. लाल गिटारीवर ती जाड तारेपर्यंत पोचत नव्हती, आणि मी ते अंगठा सरकवून, खांदा वाकवून लपवत होतो. तपकिरीवर ती नुसती टेकवली की पोचत होती.

"बाही," अत्ते म्हणाली. वळ नव्हता.

"अत्ते, लाल घेऊ या," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्याहून जास्त रडका निघाला.

"लाल रंग कानाला ऐकू येतो?"

"स्टेजवर दिसते तरी!"

"तुझी करंगळी वाकडी आहे, आणि ती आता सरळ होणार नाही. वाकडीला झेपेल असं वाद्य घ्यायचं. दिसायला तू आहेस ना!" मालक हसला. मी नाही.

मालकानं गिटारीसोबत कातडी पट्टा दिला होता. घरी पोचल्यावर अत्तेनं तो दोन बोटांत धरून मागच्या अंगणात टाकला. गिटार राहणार मधल्या खोलीत, वीणेशेजारी, देवघरासमोर. तिथं कातडं चालणार नाही. मी म्हटलं, मग मृदंगाला काय केळीचं पान लावतात? ती म्हणाली, "मृदंग देवाच्या सेवेत आहे. हा पट्टा चपलेचा भाऊ." झालं ते एवढंच की पुढचे तीन आठवडे मी रोज मांडी घालून, चटईवर, सहा तारांची बेस वाजवत बसलो. आणि काय सांगू, ती माझ्या मांडीत अशी बसली होती की जणू तिथंच उगवली आहे. मास्टरांची गिटार वाजवताना मला नेहमी वाटे की मी कोणाचं तरी सामान सांभाळतो आहे. ही सांभाळावी लागतच नव्हती. सगळ्यांत जाड तार छेडली की स्वयंपाकघरातली भांडी बोलू लागत. अम्मा येऊन सांगे, "तुझ्या त्या तारेनं माझा कॉफीचा फिल्टर फडताळातून चालत निघाला." पुढच्या खोलीतल्या पोरींची बोटं चुकत. अप्पांनी मात्र दार लावून घ्यायला कधी सांगितलं नाही.

तै महिना लागायच्या आधी मास्टरांच्या घरी तालीम झाली. मी गिटार काढली, मास्टरांच्या जुन्या गिटारीचा नायलॉनचा पट्टा तिला अडकवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला घेऊन उभा राहिलो. काहीतरी बिनसलं हे तेव्हाच कळलं. पहिलं गाणं झालं तरी डावा हात वाजवण्यापेक्षा मान वर धरण्यातच गुंतला होता. तेवढ्यात मास्टरांच्या बायकोनं कॉफी आणली. आमच्या गावात कॉफी पितळेच्या पेल्यात येते, पेला वाटीत बसवलेला, आणि ती या भांड्यातून त्या भांड्यात ओतून निववायची. म्हणजे दोन हात लागतात. मी दोन्ही हात पुढे केले. खाली आता टेकायला मांडी नव्हती, आखूड शिंगाची ती गिटार मानेच्या वजनानं गर्रकन खाली फिरली, तिचं डोकं कीबोर्डाच्या स्टँडवर आदळलं, कीबोर्डातले घोडे आपोआप धावू लागले, आणि कॉफी मास्टरांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. पुढे कित्येक वर्षं मी हे सांगताना कॉफी छतापर्यंत उडवायचो. खरं म्हणजे ती फक्त गुडघ्यापर्यंत उडाली. पण गरम होती.

प्रभू हसला. मास्टर हसले नाहीत, ते जास्त वाईट. "राव, हे वाद्य पडतंय. तू अर्धा वेळ वाजवणार आणि अर्धा वेळ ते उचलणार? रिसेप्शन तीन तास चालतं." धोतर पिळत ते म्हणाले, "गुरुवारी मरुदानल्लूरच्या रस्त्यावर मंडपात कार्यक्रम आहे. त्याला ये. त्या दिवशी तीन तास टिकलास तर बघू. नाहीतर तुझी जागा मी स्पीकरला देतो."

घरी येऊन मी अत्तेवर ओरडलो. तसा मी तिच्यावर आयुष्यात एकदाच ओरडलो. लाल घेतली असती तर! शिंग लांब होतं, पडली नसती! दुकानदार सांगत होता, उभं राहून वाजवतात! ती वीणेच्या खुंट्या पिळत होती. पिळणं थांबवून म्हणाली, "उगे बैस." मग पुन्हा खुंटी पिळत, माझ्याकडे न बघता, "उद्या दारासुरमला नागय्याकडे जा. पट्टा तरी धड करून आण."

नागय्या रेशमाचे विणकर. त्यांची मुलगी अत्तेकडे वीणा शिकायला येई. तेही घरात उत्तरेकडून आलेली स्वतःची वेगळीच बोली बोलत, त्यामुळे आमच्यात एक न सांगितलेला जिव्हाळा होता. दोघांच्याही बोलण्याला गावात कोणी हसू शकत नव्हतं, कारण कोणाला ते कळतच नव्हतं. अप्पांच्या मोपेडवर, पाठीला गिटार बांधून मी गेलो. नागय्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. मी सगळं सांगितलं, कॉफीसकट. ते वर आले, गिटारीच्या दोन्ही टोकांना सुताची दोरी बांधली, आणि ती दोरी एका बोटावर अडकवून उचलली. मान खाली गेली. पुन्हा उचलली. पुन्हा गेली.

"तंबी, बाळा, ही जड नाही," ते म्हणाले. "एका बाजूला जड आहे. ती निराळी गोष्ट."

मागाच्या टोकाला ताण्याचे धागे ताठ राहावेत म्हणून वाळूच्या लहान पुरचुंड्या लोंबत होत्या. त्यातली एक त्यांनी सोडली आणि गिटारीच्या बुडाशी, पट्ट्याच्या खुंटीला बांधली. मान हत्तीच्या सोंडेसारखी आभाळाकडे गेली. त्यांनी पुरचुंडी सोडून मूठभर वाळू काढली. मान थोडी उतरली. मग चमच्यानं. मग चिमटीनं, मीठ घालावं तशी, पण उलट. शेवटी गिटार त्यांच्या बोटावर आडवी थांबली, आणि त्यांनी फुंकर मारून बघितली तरी हलली नाही.

"पण आता आणखी जड झाली की!"

"झाली. पण आता सरळ खाली जड आहे. सरळ वजन माणूस दिवसभर उचलतो. माझ्या बापानं साठ वर्षं उचललं." मग त्यांनी उरलेला लुगड्याचा काठ घेतला, टीचभर रुंद, मोरांच्या जरीचा. मी म्हटलं, रेशीम मऊ असतं, बरंच झालं. ते म्हणाले, मऊ असतं म्हणून घसरतं, आमच्या बायकांना विचार. आतल्या बाजूनं त्यांनी जाड, खरखरीत सूत शिवलं. मी पुरचुंडीतली वाळू कुठली ते विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. कावेरीची, आणखी कुठली असणार?

गुरुवारी मंडपात मी उभा राहिलो, खांद्यावर मोर आणि कमरेशी पुरचुंडी. पहिल्या रांगेतल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. एकीचं म्हणणं पडलं की पुरचुंडीत भस्म आहे, पोराला नजर लागते. दुसरीचं, की ते मशीन आहे. नवऱ्या मुलाचा आजा स्टेजवर येऊन पुरचुंडीला हात लावून तो डोळ्यांना लावून गेला, आणि त्यानंतर निदान चाळीस माणसं... बरं, चार. चार माणसं तसं करून गेली. मी वाजवत होतो. पहिला तास गेला, दुसरा गेला. खांदा रडत नव्हता. करंगळी पोचत होती. मास्टर गाणं म्हणता म्हणता माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. प्रभूचा डावा हात सवयीनं खाली जाई आणि माझी जाड तार ऐकून परत वर येई.

तिसऱ्या तासात मंडपातल्या माणसानं स्टेजवर कॉफी फिरवली. मास्टरांनी पेला घेतला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. प्रभूनं कीबोर्ड हातभर मागे ओढला. मी दोन्ही हात सोडले. पेला एका हातात घेतला, वाटी दुसऱ्या हातात. कॉफी वरून खाली ओतली, पुन्हा वर, पुन्हा खाली, दरवेळी हात जरा उंच, शेवटी फेसाची धार माझ्या डोक्यापासून कमरेपर्यंत. घाई नाही. गिटार माझ्या पोटाशी आडवी, जशी नागय्यांच्या बोटावर होती तशी. मग मी कॉफी प्यालो. इतकी सावकाश कॉफी त्या जिल्ह्यात कोणी प्यालं नसेल.

मास्टरांनी आपला पेला खाली ठेवला. "रविवारी व्हॅन पाचला येईल," ते म्हणाले, आणि प्रभूला, "बेसला हात लावू नकोस."

घरी अप्पा जागे होते. मी सांगितल्यावर त्यांनी दोनदा मान हलवली आणि मशिनांवर कापड घालायला गेले. अत्तेला म्हटलं, टिकलो. तिनं सांगितलं, बाही वर कर. बघितलं. मग म्हणाली, "वाद्य मी बरोबरच निवडलं होतं. उभा तू राहिलास." त्यानंतर दहा वर्षं मी तिला चिडवून विचारत असे, लाल का नाही घेतलीस, आणि दहा वर्षं ती हेच उत्तर देत असे, एक अक्षर न बदलता.

अत्ते गेली, मास्टर गेले, ऑर्केस्ट्रा कधीच मोडला. पुण्यात मी एका बँडात वाजवत राहिलो, पुरचुंडीसकट. इथल्या पोरांना मी त्या पुरचुंडीबद्दल निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या आहेत, त्यातली एकही खरी नाही. मागच्या वर्षी उजवा खांदा धरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उभं राहून वाजवणं बंद. मी त्यांच्याशी बराच वाद घातला. मग एका सकाळी बायको बाहेर गेल्यावर हॉलमध्ये चटई पसरली, पुरचुंडी सोडली, वाळू गॅलरीतल्या तुळशीत ओतली, आणि मांडी घालून बसलो. गिटार मांडीत गेली आणि जिथं होती तिथं जाऊन बसली. घड्याळ लावून एक तास वाजवलं, मधे थांबलो नाही. स्वयंपाकघरात एक ताट खणखणलं.

मग बाही वर केली. वळ नव्हता.